कागद, लोखंड आणि भागधारकांची चांदी

जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने बल्लारपूर इंडस्ट्रीज लिमिटेड या कंपनीविरुद्धचा नादारीचा अर्ज दाखल करून घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावाचे नाव देशभरच्या शाळांत, कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पोहोचवणारी ही कंपनी. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात, घुग्गुसला स्पंज आयर्न तयार करणाऱ्या लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी या दुसऱ्या कंपनीचा एक रुपया दर्शनी किमतीचा समभाग दहा रुपयांच्या आसपास पडून होता आणि त्याकडे कोणी फारसे ढुंकून पाहत नव्हते. पाच वर्षांनी, २०२५ साली, हा दुसरा समभाग हजार रुपयांच्या वर गेला. पहिल्या कंपनीच्या जुन्या समभागधारकांच्या हाती तोवर काहीच उरले नव्हते.

बाजाराच्या परिभाषेत पहिल्या कंपनीने भागधारकांचे मूल्य नष्ट केले आणि दुसरीने ते निर्माण केले. अर्थविषयक वृत्तपत्रांची पाने या दोन वाक्यांवर समाधान मानतात. एकीचे व्यवस्थापन अकुशल, दुसरीचे दूरदर्शी. एकीच्या गुंतवणूकदाराची निवड चुकली, दुसरीच्या गुंतवणूकदाराला अचूक हेरता आले. विषय संपला.

आमच्या मते विषय येथे सुरू होतो. या दोन्ही कंपन्यांचा कच्चा माल ज्या भूमीतून आला ती भूमी एकच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा करण्यात आला, तोवर ती महसुली दप्तरातही एकच होती. बल्लारपूरच्या गिरणीची भूक याच जंगलातील बांबूने दशकानुदशके भागवली. घुग्गुसच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून निघते. एका कंपनीचा समभाग शून्यावर आला आणि दुसरीचा शंभरपटीने वाढला, तरी हे जंगल आणि हा डोंगर ज्यांच्या पिढ्यांनी राखला त्या माडिया-गोंडांच्या घरात या चढउताराचा हिशेब कोठेच लागत नाही. तेव्हा जे नष्ट झाले ते कोणाचे होते, आणि जे निर्माण झाले ते कोठून आले, एवढेच आपण तपासून पाहू.

समभागधारकाला परतावा मिळतो तो दोन वाटांनी : वर्षाकाठी मिळणारा लाभांश आणि समभागाच्या भावातील वाढ. यातील भाव हा पुढील काळात कंपनीच्या हाती किती नफा पडेल याविषयी बाजाराने बांधलेला अंदाज असतो. म्हणून देशाची अर्थव्यवस्था गर्तेत असतानाही समभाग उसळी मारू शकतात. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर त्या उन्हाळ्यात डोक्यावर गाठोडी घेऊन पायी घरी परतत होते. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक मात्र २३ मार्च २०२० रोजी २६ हजारांच्या खाली गेला होता तो २१ जानेवारी २०२१ रोजी ५० हजारांना शिवून आला. बाजाराला असे वाटण्याला कारणे होती. कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर सप्टेंबर २०१९ मध्येच ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्याची सोय सरकारने करून ठेवली होती, पैसा स्वस्त झाला होता, आणि मजुरांची कपात करून खर्च खाली आणण्याची संधी अशा संकटात सहज लाभते. अरिष्टाच्या काळात नफ्याचा वाटा वाढतो आणि वेतनाचा घटतो, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पण वनजिल्ह्यांत याहून वेगळे, अधिक जुने असे एक गणित चालते, आणि त्यासाठी बल्लारपूरपासून प्रारंभ करणे इष्ट.

१९४५ साली बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स या नावाने ही कंपनी स्थापन झाली; थापर घराण्याच्या ताब्यात ती वाढली आणि १९७५ साली तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज असे झाले. वर्धा नदीचे पाणी, शेजारी कोळसा आणि मागे शेकडो मैल पसरलेले बांबूचे जंगल, असे स्थळ कागद गिरणीला शोधूनही सापडले नसते. स्वातंत्र्योत्तर काळात राज्य सरकारांनी उद्योगवाढीच्या नावाखाली कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने बांबू दिला आणि तो नाममात्र दराने दिला. कर्नाटकातील दांडेलीच्या गिरणीला १९५८ साली टनाला दीड रुपया या दराने बांबू मिळू लागला, हे माधव गाडगीळांच्या लेखनामुळे आता सर्वज्ञात आहे. त्याच काळात बुरुडाला टोपली विणायला लागणारा बांबू खुल्या बाजारात कितीतरी पटींनी महाग घ्यावा लागत होता. महाराष्ट्रातील दर वेगळे असतील. धोरणाची जात तीच होती. चंद्रपूरच्या बुरुडाला हिरव्या बांबूसाठी वनखात्याच्या डेपोवर खेटे घालावे लागत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बांबूने लादलेले ट्रक गिरणीच्या दिशेने जात. ज्या मालाची किंमत सरकारनेच जवळजवळ शून्य धरली, त्या मालापासून झालेला नफा हा केवळ उद्योजकाच्या कर्तबगारीचा होता असे म्हणणे म्हणजे सावकाराच्या समृद्धीचे श्रेय त्याच्या सुवाच्य अक्षराला देण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या गिरणीने बल्लारपूर शहर उभे केले. हजारो कामगारांना कायम नोकरी, वसाहत, शाळा, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी दिल्या. कामगार संघटनांनी लढून मिळवलेल्या त्या गोष्टी होत्या हे खरे, तरी देणारी यंत्रणा अस्तित्वात होती हेही खरे. त्या काळातील भांडवलदाराचे धन गिरणीत अडकलेले असे. यंत्र बिघडले तर त्याची झोप उडत असे.

पुढे ही स्थिती पालटली. २००१ साली कंपनीने पुणे जिल्ह्यातील भिगवणची गिरणी घेतली. २००७ साली मलेशियातील सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही जंगल-परवान्यासह असलेली कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना विकत घेण्यात आली. त्याच सुमारास बल्लारपूरची मूळ गिरणी बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या उपकंपनीच्या नावे करण्यात आली, आणि तिच्यावरची मालकी नेदरलँड्समध्ये नोंदवलेल्या कंपन्यांच्या साखळीतून चालू लागली. म्हणजे शेअर बाजारात ज्या कंपनीच्या नावात बल्लारपूर होते तिच्या पोटात बल्लारपूरची गिरणी थेट उरली नव्हती. ती नातीच्या नात्याने लागत होती. २०११ साली नेदरलँड्समधील याच साखळीतल्या एका कंपनीने २० कोटी डॉलरचे बेमुदत रोखे विकले. बांबू तोडणारा मजूर कोरची-धानोऱ्याच्या जंगलात, यंत्र बल्लारपुरात, कर्जदार कंपनी नेदरलँड्समध्ये आणि धनको जगभर, असा हा विस्तार. त्या काळात अर्थविषयक मासिके याला जागतिक झेप म्हणत होती.

२००८ च्या जागतिक मंदीनंतर कागदाचे भाव, व्याजाचा बोजा आणि डॉलरचा दर हे तिन्ही एकाच वेळी अंगावर आले. गोदावरीपलीकडे, तेलंगणातील कमलापुरम येथील लगद्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला (आपल्या अहेरी तालुक्यातील हत्तींचे कमलापूर निराळे). तेथील कामगार वर्षानुवर्षे वेतनावाचून राहिले. २०१६ नंतर खेळत्या भांडवलाअभावी बल्लारपूरची यंत्रेही थांबली, पगार थकले, गावातील किराणा दुकानदारांच्या वह्या उधारीने भरल्या. गिरणी पुढे पुन्हा सुरू झाली. पण पूर्वीचे बल्लारपूर परतले नाही.

आणि मग २०२० ची ती नादारी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील ५३ वे कलम पैशाच्या वाटपाचा क्रम ठरवते. कंपनी मोडीत निघाल्यास प्रथम कारवाईचा खर्च. मग कामगारांचे २४ महिन्यांपर्यंतचे वेतन आणि तारणदार धनको एका पंगतीत. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. मग बिनतारणी वित्तीय धनको, सरकारी देणी, बाकीचे धनको. आणि सर्वांत शेवटी समभागधारक. कायदा वाचताना असे वाटते की अरिष्टात पहिला बळी भागधारकाचा जातो आणि कामगार अग्रभागी सुरक्षित बसतो. बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या बाबतीत तसे झाल्याचे दिसतेही : २०२३ साली न्यायाधिकरणाने फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेची योजना मंजूर केली आणि जुन्या भागधारकांना काही मिळाले नाही. सेवानिवृत्त शिक्षकाने किंवा कारकुनाने ‘आपल्या गावची कंपनी’ म्हणून घेऊन ठेवलेले पाच-पन्नास समभाग कोणाच्या पेटीत असतील, तर त्याचे दुःख खरे आहे. त्याची टवाळी करण्याचे आम्हाला कारण नाही.

परंतु या क्रमात एक लबाडी दडलेली आहे. भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरतेच मर्यादित असते. मर्यादित जबाबदारी या शब्दांचा अर्थच तो. चांगल्या वर्षांत त्याने घेतलेला लाभांश आणि वेळीच समभाग विकून केलेला नफा कोणी परत मागत नाही. मोठा भागधारक बातमी आधी ऐकतो आणि आधी बाहेर पडतो. कामगाराला असे बाहेर पडता येत नाही. त्याचे घर, मुलांची शाळा, वीस वर्षांचे कौशल्य सारे त्या एका गिरणीला जखडलेले असते. बँकांनी सोडून दिलेली रक्कम ठेवीदारांच्या आणि शेवटी सरकारी तिजोरीच्या माथी येते. आणि या संपूर्ण यादीत जंगल कोठे आहे? साठ-सत्तर वर्षे जवळजवळ फुकट बांबू देणारे गाव हे धनको म्हणून कोणत्याच कलमात बसत नाही. त्याच्यापाशी दावा सांगायला चिठ्ठीचपाटी नाही. सर्वांत प्रथम आणि सर्वांत दीर्घ काळ भांडवल ज्याने पुरवले तो या पंगतीत वाढप्याच्या जागीही नाही.

आता सुरजागडकडे वळू. एटापल्ली तालुक्यातील या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. परिसरातील सत्तर गावांचा इलाखा दर जानेवारीत तेथे जत्रेला जमतो. याच डोंगरातील ३४८.०९ हेक्टर वनजमिनीचा खाणपट्टा २००७ साली लॉइड्स कंपनीला देण्यात आला. पुढील अनेक वर्षे खाण नीट चालू शकली नाही. स्थानिकांचा विरोध होता आणि नक्षलवाद्यांची हिंसा होती : २०१३ साली कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या झाली, डिसेंबर २०१६ मध्ये पाऊणशेच्या आसपास वाहने जाळण्यात आली. या हिंसेचे समर्थन कोणताही समाजवादी करणार नाही. तिने ग्रामसभांचा शांततामय विरोधही संशयाच्या छायेत ढकलला. हेडरीला पोलिसांचे मोठे ठाणे झाले, रस्ते झाले, आणि २०२१ साली त्रिवेणी अर्थमूव्हर्स या तमिळनाडूतील कंपनीच्या साहाय्याने खाण जोमाने सुरू झाली. संरक्षणाचा हा खर्च कंपनीच्या ताळेबंदात कोठे दिसतो काय, हे जिज्ञासूंनी पाहावे.

खाण सुरू झाली तो मुहूर्त लक्षात घेण्यासारखा आहे. महासाथीनंतर चीनची मागणी वाढली, ब्राझीलचा पुरवठा अडखळला आणि मे २०२१ मध्ये लोहखनिजाचा जागतिक भाव टनाला दोनशे डॉलरच्या वर गेला. म्हणजे ज्या संकटात बल्लारपूर बुडाले त्याच संकटाने सुरजागडचे खनिज सोन्याच्या मोलाचे केले. ३० लाख टनांची वार्षिक परवानगी २०२३ साली एक कोटी टनांवर नेण्यात आली. त्यासाठीची जनसुनावणी २०२२ साली खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हा मुख्यालयी झाली. धान कापणीच्या दिवसांत एटापल्लीच्या आतल्या गावातून तेथे कोण येणार होते? नव्या खाणपट्ट्यांविरुद्ध तोडगट्टा येथे मार्च २०२३ पासून धरणे धरून बसलेल्या ग्रामस्थांना नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी उठवले. २०२३-२४ या वर्षी कंपनीचा करोत्तर नफा बाराशे कोटी रुपयांच्या वर गेला.

हा नफा कोठून आला? येथे थोडे गणित करावे लागेल, वाचकांनी कंटाळू नये.

२०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर लोहखनिजाचे नवे पट्टे लिलावानेच देण्याचे बंधन आले. त्यापूर्वी दिलेले पट्टे मात्र लिलावाविना कायम राहिले आणि त्यांची मुदत ५० वर्षांची ठरली. सुरजागडचा पट्टा २००७ चा. म्हणून तो २०५७ पर्यंत. अशा जुन्या पट्ट्यावर कंपनी काय देते? सरकारने जाहीर केलेल्या सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के स्वामित्वधन, आणि त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला. शंभर रुपयांच्या खनिजामागे हे झाले साडेएकोणीस रुपये. यात अन्वेषण निधीसारखे किरकोळ देणे मिळवले तरी वीस रुपये होत नाहीत. आता लिलावाकडे पाहा. २०२० साली ओडिशात लोहखनिजाच्या ज्या खाणी लिलावात गेल्या, त्यांपैकी कित्येकांना सरासरी विक्रीमूल्याच्या ९० ते १०० टक्के, काहींना त्याहूनही अधिक बोली लागली, आणि तीही स्वामित्वधनाव्यतिरिक्त. त्या बोली वेड्या होत्या, काहींना पुढे त्या झेपल्या नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. वेडाचा भाग म्हणून निम्मी बोली सोडून द्या. उरलेल्या निम्म्या बोलीनेही शंभरातील ४५ ते ५० रुपये अधिक सरकारजमा झाले असते.

सुरजागडला हे ४५-५० रुपये कंपनीच्याच हाती राहतात. ओडिशाचे खनिज रेल्वेमार्गाजवळचे, आमचे दुर्गम, म्हणून त्यातून आणखी काही वजावट करावयाची तर करावी. तरीही जे शिल्लक राहते ते अर्थशास्त्रात भूखंड म्हणून ओळखले जाते. निसर्गदत्त वस्तूच्या मालकीमुळे, कोणतेही अधिक श्रम न करता पदरात पडणारे उत्पन्न. शेअर बाजाराने पाच वर्षांत ज्याचा शंभरपट गौरव केला त्या ‘मूल्यनिर्मिती’चा गाभा हा आहे. २०२१ च्या सुमारास बाजाराला एकच गोष्ट उमगली : २००७ च्या दराने मिळालेला डोंगर २०५७ पर्यंत उकरता येणार आहे. त्या पन्नास वर्षांच्या भूखंडाची आजची किंमत समभागाच्या भावात येऊन बसली. ज्याने तो समभाग दहा रुपयांना घेतला त्याने डोंगरावर एक फावडे मारलेले नाही. बल्लारपूरचा बांबू आणि सुरजागडचे खनिज यांत साठ वर्षांचे अंतर आहे; शासनाचा हात मात्र तितकाच सैल.

कंपनीच्या बाजूने जे सांगितले जाते तेही पाहू. हजारो आदिवासी तरुणांना काम मिळाले. आत्मसमर्पण केलेल्या नक्षलवाद्यांनाही मिळाले. चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला, जेथे उद्योगाचे आश्वासन वर्षानुवर्षे कुजत पडले होते, तेथे कारखाना उभा राहतो आहे. हेडरीहून कोनसरीला खनिजाचा गाळ वाहून नेणारी नळवाहिनी टाकण्यात आली, त्यामुळे आष्टी-आलापल्ली रस्त्याची ट्रकांनी केलेली दुर्दशा आणि दुतर्फा कापसावर, धानावर बसणारी लाल धूळ कमी व्हावी ही अपेक्षा आहे. कच्चे खनिज बाहेर पाठवण्यापेक्षा पोलाद येथेच तयार व्हावे ही मागणी विदर्भातील समाजवाद्यांनी आणि इतरांनी किती वर्षे केली आहे! ती अंशतः तरी पुरी होत असेल तर आनंदच आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी कोनसरीला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना कंपनीच्या समभागांचे दाखले देण्यात आले. ही घटना आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. बाजारभावाच्या मानाने अगदी अल्प किमतीत दिलेले हे समभाग म्हणजे, श्रम करणाऱ्याचा नफ्यावर हक्क आहे या तत्त्वाला भांडवलदारानेच दिलेली कबुली होय. ती आम्ही नोंदवून ठेवतो. पण दिली ती कामगाराला, तो कामगार आहे म्हणून, आणि मालकाच्या मर्जीने. ज्याचा डोंगर आहे पण जो खाणीत कामाला नाही, त्या म्हाताऱ्या माडियाचे काय? मोहफुले वेचणाऱ्या त्याच्या बायकोचे काय? शिवाय समभागाची चंचलता बल्लारपूरने दाखवून दिलीच आहे. लोहखनिजाचा भाव कोसळला, की दाखल्यावरचा आकडा वितळायला वेळ लागत नाही. खणलेला डोंगर त्यामुळे भरून येत नाही.

यावर उत्तर नाही असे समजू नये. उत्तर याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मिळालेले आहे. मेंढा-लेखा या गोंड गावाने नव्वदच्या दशकाच्या आरंभीच कागद गिरणीसाठी होणारी बांबूतोड अडवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्राला परिचित आहे. देवाजी तोफा आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याला सोडून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे अभ्यास आणि सर्वसहमती या दोन साधनांनी काम केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरांचा सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वनखाते वाहतूक परवान्याचे पुस्तक हातचे सोडीना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पहिल्या काही हंगामांतच गावाच्या कोशात कोटीच्या घरात रक्कम आली. कागद गिरणीला जो बांबू वर्षानुवर्षे नाममात्र दराने गेला, त्याची खरी किंमत काय होती याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

ग्रामसभांची वाटही निष्कंटक नाही. मोठा गिऱ्हाईक बुडाला की बांबूची मागणी घटते. तेंदूच्या ठेकेदारांनी कित्येक ग्रामसभांचे पैसे थकवले आहेत. बाजाराचे अरिष्ट गावाच्या वेशीवर थांबत नाही. फरक एवढाच की मेंढ्यातील नफा-तोटा ज्यांचा आहे त्यांनाच निर्णय घेता येतो, आणि तोटा झाला तरी पुढल्या हंगामात बांबू पुन्हा फुटतो. लोखंड फुटत नाही.

म्हणूनच खनिजाच्या बाबतीत हक्क अधिक पक्का हवा. २०११ साली संसदेत मांडलेल्या खाण विधेयकात कोळशाच्या नफ्यातील २६ टक्के आणि इतर खनिजांच्या बाबतीत स्वामित्वधनाइतकी रक्कम बाधित जनतेला देण्याची तरतूद होती. उद्योगपतींच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. २०१४ साली लोकसभेची मुदत संपताच विधेयकही संपले. २०१५ च्या दुरुस्तीत या तरतुदीचे जे रूप आले ते स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांचे. शंभर रुपयांच्या खनिजामागे पंधरा रुपये मिळावयाचे ते साडेचार झाले. आणि तेही ग्रामसभेच्या हाती येत नाहीत. प्रतिष्ठानाचा कारभार मंत्री आणि जिल्हाधिकारी पाहतात.

राज्य सरकारला यापुढे ‘खनिजाचा कायदा केंद्राचा, आमचे हात बांधलेले’ असे म्हणता येणार नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर व खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांना आहे. झारखंडने आणि तमिळनाडूने त्या वर्षीच कायदे केले. महाराष्ट्राने २०१५ पूर्वीच्या, लिलावाविना दिलेल्या पट्ट्यांवर असा कर बसवावा, त्याचा दर खनिजाच्या भावाशी बांधावा, म्हणजे २०२१ सारख्या तेजीत तो वाढेल आणि मंदीत आपोआप उतरेल. आणि त्याचे उत्पन्न कायद्याने बाधित इलाख्यातील ग्रामसभांच्या संयुक्त निधीत जावे, ज्यातील मूळ रक्कम मोडता येणार नाही, केवळ व्याज खर्चता येईल. डोंगर एकदाच खणता येतो. त्याचे भांडवल तरी नातवंडांसाठी शिल्लक ठेवावयास हवे. कंपनीचा यामुळे अंत होईल ही भीती निराधार आहे. लिलावात याच्या कितीतरी पट बोलणाऱ्या कंपन्या ओडिशात खाणी चालवीत आहेत. समभागाचा भाव मात्र खाली येईल, आणि तो यावयासच हवा, कारण त्यातील जो भाग सुरजागडच्या सत्तर गावांचा आहे तो तेथे नसावयास पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले, तेव्हा जिल्ह्याबद्दलच्या विशेष आस्थेचा उच्चार पुष्कळ झाला. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूर कराराच्या आधारे, विदर्भाच्या प्रश्नांसाठी म्हणून नागपुरात भरते. जुन्या खाणपट्ट्यांवरील कराचा आणि ग्रामसभांच्या निधीचा ठराव तेथे मांडण्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आडकाठी नाही. ग्रामसभांनी आपापल्या आमदाराकडे तसे लेखी मागणे करावे, आणि त्याची पोच घ्यावी.